फी कोणी भरायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फुटबॉल अकादम्यांत मोठ्या मुलांची निवड फीवर ठरू नये, असं मी लिहिलं ते आपल्याला एकांगी वाटलं. टर्फचं भाडं, लायसन्सधारक प्रशिक्षकांचा पगार, स्पर्धांचा प्रवास हे सगळं पालकांनी नाही तर कोणी भरायचं, असं आपण विचारलंत. ‘युरोपचे दाखले देऊ नका, तिथे टीव्हीचा पैसा आहे’ असंही बजावलंत. आपला मुलगा अशाच अकादमीत खेळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गाला फी घ्यावी, माझी हरकत नाही. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी खरी निवड सुरू होते, आणि तिथेही फीचीच चाळणी लागली तर चांगली मुलं गळतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. तो आधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत होता, आणि ती सरकारी खर्चाने चालते.

मालकाच्या भरवशावर राहण्याचं काय होतं, तेही पुण्यानेच पाहिलंय. पुणे एफसी हा क्लब बंद पडला, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेला, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाचं नाव लावलेली डीएसके शिवाजियन्सची अकादमीही टिकली नाही. मालकाने हात आखडता घेतला की पोरं उघड्यावर पडतात. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालू आहे, पण अशा कंपन्या फार थोड्या.

आता टीव्हीचा पैसा, म्हणजे सामन्यांच्या प्रक्षेपणातून क्लबांना मिळणारा. जर्मनीतही तो आपोआप मुलांपर्यंत पोचला नव्हता. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनीचा संघ गटात तळाला राहिला, तेव्हा अकादमी चालवणं ही व्यावसायिक क्लबांच्या परवान्याची अटच झाली. अट आपल्याकडेही आहे. ती कडकपणे लावा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि छोट्या क्लबांसाठी फिफाचा नियम आहे, त्याबद्दल पालकांना कोणी सांगतच नाही. खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला आणि त्या क्लबाने जुन्या क्लबाला बदलीचं शुल्क दिलं, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ व्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ पर्यंत वर्षाला पाव टक्का, पुढे अर्धा. म्हणजे एक कोटीच्या व्यवहारात ती पहिली चार वर्षं सांभाळणाऱ्या क्लबाला एक लाख मिळतात. कराराची मुदत संपल्यावर खेळाडू गेला तर शुल्क नाही, म्हणून वाटाही नाही. पण पहिला व्यावसायिक करार परदेशात झाला, तर प्रशिक्षण भरपाईचा वेगळा हक्क आहे.

हे पैसे फुटबॉल महासंघाशी संलग्न क्लबालाच मिळतात, तेही मुलाची रीतसर नोंद असेल तरच. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात; तिथल्या पेठेतल्या एखाद्या तालमीने पोरगा घडवला आणि कागद केला नाही, तर तिच्या हाती काहीच येत नाही. फी भरताना आपण अकादमीला एवढं जरूर विचारा: मुलाची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर, आहे का, आणि कोणत्या क्लबाच्या नावाने?