व्हाउचर टेक्सासचं, प्रतिपूर्ती महाराष्ट्राची

महाराष्ट्रात सरकारी शाळांचा विषय निघाला की अमेरिकेचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. एक बाजू म्हणते, तिकडे सरकार व्हाउचरच्या रूपात पैसा पालकाच्या हातात देतं आणि शाळा पालक निवडतो, मग आपल्याकडे का नको? दुसरी म्हणते, तिकडे सरकारी शाळा मोडीत निघाल्या, आता इथे तोच डाव आहे. टेक्सासमध्ये शाळांचा कर भरणाऱ्याला हे दोन्ही ऐकताना एकच वाटतं: इथल्या शाळांचा हिशेब या मंडळींपैकी कुणी उघडून पाहिलेला दिसत नाही.

टेक्सासात शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट. ते नगरपालिकेपासून वेगळं असतं, त्याचं मंडळ लोक निवडून देतात आणि ते घरांवर स्वतःचा कर बसवतं. या कराचे दोन भाग असतात. एक पगार, वीज, बस अशा चालू खर्चाचा, दुसरा इमारतींसाठी काढलेले रोखे फेडण्याचा. रोख्यांचा पैसा पगाराला वापरता येत नाही. डॅलसजवळच्या ॲलन गावात शाळेचं ६ कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं आणि काँक्रीटला तडे गेल्यामुळे २०१४ मध्ये बंद ठेवावं लागलं. एवढ्या पैशात किती शिक्षक नेमता आले असते, असं लोक आजही विचारतात. खरं उत्तर, एकही नाही.

चालू खर्चाचा पाया म्हणजे राज्यानं ठरवलेली दर मुलामागची मूळ रक्कम. २०१९ मध्ये ती ५,१४० वरून ६,१६० डॉलर झाली आणि पुढची सहा वर्षं तिथेच राहिली, महागाई कितीही वाढली तरी. अपंगत्व, गरिबी, इंग्रजी न येणं यांचे भारांक, म्हणजे अशा मुलांमागचे जादा पैसे, तिच्यावर चढतात. एखाद्या डिस्ट्रिक्टचा स्थानिक कर या हिशेबापेक्षा जास्त जमला, तर वरचा पैसा राज्य काढून घेतं. शाळांच्या पैशातल्या विषमतेवरच्या एजवूड खटल्याच्या १९८९ च्या निकालानंतर, १९९३ पासून हे चालू आहे आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘रॉबिन हूड’ आहे.

खरी मेख पुढे आहे. ही रक्कम पटावर मिळत नाही, सरासरी हजेरीवर मिळते. पटावर १,००० मुलं असतील आणि हजेरी ९३ टक्के असेल, तर पैसे ९३० मुलांचे येतात. ६,१६० च्या दरानं ७० मुलांचे ४,३१,२०० डॉलर गेले. शिक्षक, बसगाड्या आणि वातानुकूलन मात्र हजार मुलांच्या हिशेबानंच ठेवावं लागतं, कारण उद्या कोणते सत्तर गैरहजर राहतील ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि हजेरी कमी असते ती गरीब वस्तीतल्या शाळांत, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच कात्री लागते.

आता राजकारण. जानेवारी २०२३ मध्ये टेक्सासच्या तिजोरीत ३,२७० कोटी डॉलर शिल्लक असल्याचं जाहीर झालं. तरी त्या वर्षी मूळ रकमेत एक डॉलरही वाढला नाही. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची भूमिका होती की खासगी शाळांसाठीचं व्हाउचर आणि सरकारी शाळांची वाढ एकत्रच येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सभागृहानं ८४ विरुद्ध ६३ मतांनी विधेयकातून व्हाउचर काढून टाकलं, त्यात २१ मतं त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाची होती. बहुतेक ग्रामीण भागातली. तिथे मैलोन्‌मैल खासगी शाळा नसते, स्कूल डिस्ट्रिक्ट हाच गावातला सर्वांत मोठा रोजगार असतो आणि शुक्रवारी रात्री सगळं गाव शाळेच्या फुटबॉल सामन्याला लोटतं. व्हाउचर गेलं आणि त्याच विधेयकात बांधलेला सरकारी शाळांचा पैसाही गेला. ॲबट यांनी मग २०२४ च्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकांत आपल्याच पक्षाच्या या आमदारांविरुद्ध उमेदवार उभे केले. पेनसिल्व्हेनियातले अब्जाधीश जेफ यास यांनी ॲबट यांना एकरकमी ६० लाख डॉलर दिले होते. त्या २१ पैकी जेमतेम एक तृतीयांश परत आले. एप्रिल २०२५ मध्ये व्हाउचर ८५ विरुद्ध ६३ मतांनी मंजूर झालं आणि ३ मे रोजी त्यावर सही झाली. मूळ रक्कम? ५५ डॉलरनं वाढून ६,२१५. बाकीची वाढ शिक्षकांचे पगार आणि अशाच ठरावीक कामांसाठी राखून दिली.

हे सगळं कुरूप आहे. पण कुणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदलेलं आहे, आणि त्या मताची किंमत आमदारांनी मोजली. महाराष्ट्रातल्या पद्धतीशी ताडून पाहताना हा भाग विसरू नये.

कायद्यात काय आहे ते पाहू. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सुमारे साडेदहा हजार डॉलर, घरी शिकणाऱ्याला २,००० पर्यंत, अपंग मुलाला ३०,००० पर्यंत. ‘आमच्या मुलाला ६,२१५ आणि त्यांच्या मुलाला साडेदहा हजार’ असं विरोधक सांगत फिरतात, पण ही तुलना कच्ची आहे. साडेदहा हजार म्हणजे भारांक आणि स्थानिक कर धरून होणाऱ्या राज्याच्या सरासरीचे ८५ टक्के, तर ६,२१५ हा नुसता पाया. खरा आक्षेप दुसरीकडे आहे. खासगी शाळेला कुठल्याही मुलाला नाही म्हणता येतं. फी व्हाउचरपेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे पालकानं भरायचे. राज्याची परीक्षा त्या शाळेला लागू नाही, राष्ट्रीय पातळीवरची कुठलीही प्रमाणित चाचणी चालते. अर्ज जास्त आले तर अपंग आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना अग्रक्रम आहे खरा, पण त्यातून मिळतो तो पैसा. जागा मिळेलच असं नाही.

इथे महाराष्ट्रानं स्वतःकडे जरा बघावं. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात (अल्पसंख्याक संस्था वगळून). सोडत सरकार काढतं, मूल शाळेला निवडता येत नाही, परीक्षा किंवा मुलाखत नाही, फी नाही. शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च, यांत जी रक्कम कमी ती सरकार शाळेला देतं, तीच प्रतिपूर्ती. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला, करोनाच्या काळात तो ८,००० वर आणला होता. हेही व्हाउचरच. फक्त टेक्सासच्या कायद्यात नसलेल्या दोन अटी यात आहेत: शाळा मूल नाकारू शकत नाही आणि वर पैसे मागू शकत नाही. कागदावर इतकं गरिबाच्या बाजूचं व्हाउचर आहे, आणि आपल्याकडचे व्हाउचरवाले त्याचं नावही काढत नाहीत.

बिघडतं ते प्रतिपूर्तीत. पैसे वर्षानुवर्षं थकतात. शाळा मग दोन गोष्टी करते: संघटनेमार्फत बहिष्काराची धमकी देते आणि आरटीईच्या पालकांकडून पुस्तकं, गणवेश, सहल, बस यांच्या नावानं वसुली करते. सरकारनं यावर थकबाकी देण्याऐवजी पळवाट काढली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट मिळाली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली.

त्या अधिसूचनेमागचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्वतःची शाळा शेजारी रिकामी पडत असताना सरकारनं खासगी शाळेला पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. कर्नाटकानं आधी हाच मार्ग धरला होता. पण मग ती शेजारची शाळा धड उभी असायला हवी. पाचच आठवड्यांनी, १५ मार्च २०२४ रोजी, त्याच शालेय शिक्षण विभागाचा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, शासन निर्णय आला, आणि त्यानुसार सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पट असेल तिथे मंजूर शिक्षक शून्य. एका कागदावर म्हणायचं जवळच्या सरकारी शाळेत जा, दुसऱ्या कागदानं तिथला शिक्षक काढायचा. विरोधी पक्षांनी दोन्ही निर्णयांवर वेगवेगळी आंदोलनं केली. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रश्न विचारला असता तर सरकारची खरी अडचण झाली असती.

पट आणि शिक्षक यांचं नातं एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे ६१ वरून एक मूल गेलं की तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन होतं, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात, आणि पाच वर्ग दोघांच्या गळ्यात पडतात. त्यातला एक मुख्याध्यापकाचं काम, ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराचा हिशेब यांत अडकलेला. चौथीला दिवसभर कुणी शिकवत नाही हे पालकाला लगेच कळतं. गावात इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येतच असते. पुढच्या वर्षी पट ५२. मोजणी ३० सप्टेंबरची, त्यातही आधार जुळलेली मुलंच धरतात. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर वर्गात बसलेलं मूल कागदावर नसतं. टेक्सासची हजेरी आणि आपली आधारजोडणी, दोन्हींचा फटका एकाच थरातल्या मुलांना बसतो.

टेक्सासात ही घसरण जरा हळू होते, एवढाच फरक. ६०० मुलांच्या प्राथमिक शाळेतून २५ मुलं व्हाउचर घेऊन गेली, तर दर इयत्तेतून चार-पाच जातात. एकही वर्ग बंद करता येत नाही, पण निव्वळ पायाचेच १,५५,३७५ डॉलर जातात, म्हणजे साधारण दोन शिक्षकांचा पगार. मग आधी ग्रंथपाल जातो, संगीत जातं, शेवटी शाळा. डॅलसच्या उत्तरेला असंख्य भारतीय कुटुंबं ज्या शाळांच्या नावावर घरं घेतात त्या प्लेनो डिस्ट्रिक्टनं २०२४ मध्ये चार शाळा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हा व्हाउचर आलेलंही नव्हतं. महागडी घरं, कमी झालेला जन्मदर आणि गोठलेली मूळ रक्कम एवढं पुरलं.

महाराष्ट्रात हा पक्षाचा मुद्दा होत नाही, कारण संस्थाचालक सगळ्या पक्षांत आहेत. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी उघडलं. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ चा, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळातला. देणगीदारानं सरकारी शाळा दत्तक घ्यायची ती दत्तक शाळा योजना सप्टेंबर २०२३ ची, महायुतीची. छोट्या शाळा एकत्र करून बनवायच्या समूह शाळांचे प्रस्तावही त्याच महिन्यात मागवले, २० पेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून. सरकारं बदलली, दिशा तीच राहिली. आणि बहुतेक निर्णय जीआरनं. कुठल्या आमदारानं कुठे मत दिलं हे विचारायचीच सोय नाही. टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या पगार-अनुदानासाठी आझाद मैदानावर बसणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच विरोधात असलेला प्रत्येक पक्ष भेटायला येतो आणि सत्तेत आलेला प्रत्येक पक्ष पुढच्या अधिवेशनाची तारीख देतो.

परदेशस्थ मराठी माणूस या सगळ्यात उतरतो तो देणगीदार म्हणून. दत्तक योजनेचे दर मोठ्या कंपन्यांसाठी आहेत: अ आणि ब वर्ग महापालिकेतल्या शाळेला पाच वर्षांसाठी २ कोटी, ग्रामीण शाळेला ५० लाख, तेही रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. आपल्यातले बहुतेक जण गावच्या झेडपी शाळेला टीव्ही किंवा टॅब देतात. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. बिल थकलं की वीज तुटते आणि टीव्ही कपाटात जातो. त्याच पैशात लांबच्या वाडीवरच्या दहा मुलांना वर्षभर रिक्षा लावून दिली तर ६५ चा पट ५५ वर घसरत नाही, आणि तिसऱ्या शिक्षकाचा पगार सरकारला देत राहावा लागतो. देणगीच्या पैशाला याहून चांगलं व्याज मला तरी माहीत नाही. देण्याआधी फक्त पट विचारावा: साठीखाली घसरू पाहणाऱ्या शाळेला रिक्षा, ६३ च्या शाळेत आधार दुरुस्तीसाठी तालुक्याला खेपा घालणारा एखादा माणूस.

मताचं म्हणाल तर व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवाल्या माणसाला इथे कर भरूनही शाळा मंडळासाठी मत देता येत नाही, आणि भारतात द्यायचं तर स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. पण भारतीय नागरिकत्व असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यानं गावच्या चुलतभावाला गाठावं. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आपल्या शाळेच्या तीन वर्षांच्या संचमान्यतेची प्रत आणि संयुक्त अनुदान कोणत्या तारखेला जमा झालं ते मागावं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्याकडे आरटीई प्रतिपूर्तीची वर्षनिहाय बाकी. उमेदवार दारात येण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज टाकावा, कारण पहिलं उत्तर बहुधा अपुरं येतं आणि अपिलात आणखी महिना-दीड महिना जातो.