धागा आणि दोरा एकच नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

धागा, दोरा आणि सुंभ यांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. रागाच्या भरात काही लिहिलं जाऊ नये म्हणून दोन दिवस थांबलो. तुम्ही म्हणता, "धागा काय नि दोरा काय, गाठ मारली की झालं. मुंबईत बसून कोकणातल्या शब्दांचा कीस पाडणं सोपं असतं." मत वेगळं असायला माझी ना नाही. पण हा सूर कशासाठी? मी तुमचं काय घोडं मारलंय?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. आंब्याच्या पेट्या बांधायची सुतळी काथ्याची असते असं मी लिहिलं, ते चुकलंच. सुतळी तागाची, काथ्याचा तो सुंभ. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'मुंबईत बसून'. होय, नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो. पण जन्म वेंगुर्ल्याचा, आणि वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. नायलॉन यायच्या आधीची सुती जाळी मी हाताळली आहेत. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळूवर वाळत घालायची. फाटलेली आस (जाळ्याचं भोक) सांधताना वडील जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचे आणि नवा दोरा मला चिमटीत फिरवून बघायला लावायचे. पीळ सैल लागला की तो तुकडा बाजूला. "हो दोरो न्हय रे, नुसतो धागो." हा फरक मी पुस्तकातून उचललेला नाही.

पटत नसेल तर शिवणाच्या रिळातला वीतभर दोरा घ्या आणि पिळाच्या उलट फिरवा. दोन किंवा तीन पदर सुटे होतील. त्यातला एकेक पदर म्हणजे धागा. तो एका बाजूला पिळलेला असतो, आणि पदर एकत्र करताना दुसऱ्या बाजूला पिळतात. एक पीळ सुटू बघतो तेव्हा दुसरा आवळतो, म्हणून दोरा आपणहून उलगडत नाही. सुंभ वळतानाही हातांची हीच हालचाल. जानव्याचे तीन पदर, प्रत्येक पदरात तीन, असे 9 तंतू. याउलट आजी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, केळीच्या सोपाने (खोडाच्या सालपट्टीने) करायची. सोपाच्या त्या पट्टीला पीळच नाही, ओली आहे तोवर फुलं धरते, वाळली की तुटते. आजीने तिला कधी दोरा म्हटलं नाही, सोपच म्हणायची. म्हणे गाठ मारली की झालं! त्याच सोपाने एकदा जाळं सांधून दाखवा.

बाळाच्या मनगटावरचा काळा दोरा आवळला जातो, कातडीत रुततो आणि मी त्या रिवाजाचं कौतुक करतो, असंही तुम्ही लिहिलंत. लेख शब्दांवर होता, रिवाजावर नव्हता. आम्हा चारही भावंडांना बांधला होता, कुणाला काही झालं नाही. तो विषय इथे नकोच.

पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या राहिल्या, ही तुमची आणखी एक तक्रार. तिथले कळसूत्री कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते, तेव्हा मला पिंगुळी शिकवू नका. एका लेखात किती कोंबायचं?

मी स्वतःच्या नावाने लिहितो, तुम्ही टोपणनावाने. निदान गाव तरी सांगायचं होतं. सुरंगी फुलते तेव्हा मी दरवर्षी आठवडाभर वेंगुर्ल्याला असतो. या. वडिलांची जाळं विणायची सुई अजून माळ्यावर आहे, शेवटचा सुती दोरा तिच्यावर तसाच गुंडाळलेला आहे. चिमटीत धरून बघा.