भेटायला जाण्याआधी अँटिबायोटिक? कुणी सांगितलं?

सध्या एक मेसेज फिरतोय. हॉस्पिटलच्या खोल्यांत सुपरबग, म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू, बसलेत, आधीच्या पेशंटचा जंतू पुढच्याला लागतोच, म्हणून भेटायला जाण्याआधी अ‍ॅझिथ्रोमायसिनची एक गोळी घ्या, खोलीत कापूर जाळा आणि ऐपत असेल तर प्रायव्हेट रूमच घ्या. फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिलं होतं. पण काकांना बघायला निघालेल्या आत्याने खरोखर गोळी घेतली आणि उरलेली स्ट्रिप काकूच्या हातात ठेवली. मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. आता गप्प बसवत नाही.

आधी गोळी, कारण घातक तीच आहे. कॉटच्या कठड्यावरून स्वॅब घेऊन मॅकॉन्कीच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, लावला की दुसऱ्या दिवशी कधीकधी गुलाबी, बुळबुळीत कॉलनी उगवलेल्या दिसतात. हा क्लेबसिएला नावाचा जंतू. मग सेन्सिटिव्हिटी लावायची, म्हणजे प्लेटवर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. चिवट जंतू मात्र चकतीला खेटून वाढतो, अगदी मेरोपेनेमच्यासुद्धा. शिरेतून द्यायच्या मेरोपेनेमसारख्या जड अँटिबायोटिकची ही गत, तर तुमची घसा दुखल्यावर घ्यायची गोळी काय दिवे लावणार?

बरं, नुसती वाया गेली तरी चाललं असतं. आपल्या आतड्यातले साधे जंतू जागा धरून बसलेले असतात, म्हणून बाहेरच्याला सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. अँटिबायोटिक त्यातल्या गरीब बिचाऱ्यांना मारतं, चिवट तेवढे उरतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन तर शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणजे ज्याची भीती, त्याच्यासाठीच आपण घर रिकामं करून ठेवायचं! आणि हे दुखणं नसताना, डॉक्टरला न विचारता.

‘लागतोच’ याच्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. कोरड्या पृष्ठभागावर एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू) ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा दुसरा जंतू ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत तग धरतो, असे आकडे शास्त्रीय आढाव्यांत आहेत. पण तग धरणं वेगळं आणि लागणं वेगळं. बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या ८ आयसीयूंचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खोलीत आधी एमआरएसएचा पेशंट होता, तिथे पुढच्यांपैकी ३.९ टक्क्यांना तो लागला. आधी तसा पेशंट नव्हता, तिथेही २.९ टक्क्यांना लागलाच. धोका वाढला, नाही कसा? पण शंभरातल्या शहाण्णवांना लागला नाही. नव्याने लागण झालेल्या सगळ्या केसेसपैकी या वाढीव धोक्याच्या खात्यात जेमतेम ५ टक्के पडल्या. बाकीच्यांचं काय? त्यात आपले सगळ्यांचे हात येतात, डॉक्टरांचेसुद्धा. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

कापूर? पेशंटला ऑक्सिजन लावलेला असताना काडी ओढणार? भंडारा आणि नगरच्या रुग्णालयांतल्या २०२१ च्या आगी विसरलो का आपण? त्यांची कारणं निराळी होती, पण वॉर्डात आग म्हणजे काय ते तेव्हा दिसलं. शिवाय धुरानं कठड्यावरचा जंतू मरत नाही, पेशंटला ठसका तेवढा लागतो.

प्रायव्हेट रूमचा थोडा उपयोग आहे, शेजारी दुसरा पेशंट नसतो एवढाच. कठडा, कॉलबेल, टीव्हीचा रिमोट नीट पुसला की नाही, हे भाड्यावर ठरत नाही. आधी मळ काढायचा, मग हायपो (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) लावायचं आणि ते ठरलेला वेळ ओलं राहू द्यायचं. सफाई करणाऱ्या मावशींच्या मागे पुढच्या अ‍ॅडमिशनची घाई लावून दिली की हा ओलं ठेवायचा वेळच आधी कापला जातो.

भेटायला जाणाऱ्यांनी कॉटवर बसू नये, पर्स पांघरुणावर ठेवू नये, आत जाताना आणि बाहेर येताना हँडरब (अल्कोहोलचं सॅनिटायझर) चोळावा. पेशंटला जुलाब होत असतील तर हँडरबवर विसंबू नका, साबणाने हात धुवा. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.