काका, जरा फ्रेमच्या बाहेर

परवा रविवारी आमच्या येझदीचं प्रीवेडिंग झालं. म्हणजे लग्न तिचं नाही, दुसऱ्याच कुणाचं, पण त्या फोटोंत नवरीपेक्षा जास्त तीच आहे. आणि मी, या जुन्या मोटरसायकलचा मालक, आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो माणूस, मला दीड तास एकच वाक्य ऐकवलं गेलं. काका, जरा फ्रेमच्या बाहेर.

झालं असं की इंदूरच्या रामबागेतून पोहे आणायला राजवाड्याकडे निघालो आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर गाडी बंद पडली. गाडीचा दोष नव्हता. ते नंतर कळलं, आणि ज्या पद्धतीने कळलं ते अजून डाचतंय, पण ते पुढे. वीसेक किका मारल्या, प्लग काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत किका. चोपन्नाव्या वर्षी किक मारताना माणूस कसा दिसतो ते घरच्यांनी कधी सांगितलं नव्हतं, तिथे बसलेल्या एका पोराने मोबाईलवर शूट करून लगेच दाखवलं.

तेवढ्यात तो आला. उलटी टोपी, गळ्यात दोन कॅमेरे, आणि अंगातल्या जाकिटाला इतके खिसे की माणूस स्वतःच हरवेल. "भिया, एक रिक्वेस्ट थी." मी काही बोलणार तोच बायकोचा फोन, पोहे कुठपर्यंत आले. मी म्हणालो, येऊन राहिलो गं, गाडी बंद पडलीय. हे ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की जणू कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ सापडला. "अरे काका, तुम्ही मराठी! मग तर घरचेच झाले!" इंदूरात कोणी तुम्हाला घरचं म्हटलं की समजायचं, पैसे मिळणार नाहीत.

मागे छत्रीच्या पायऱ्यांवर ते जोडपं उभं होतं. मुलीचा गुलाबी गाऊन चार पायऱ्या खाली पसरलेला. आता छत्री म्हणजे काय, तर होळकरांच्या समाध्या. कृष्णाबाईंची, तुकोजीराव दुसऱ्यांची. दगडाचं काम सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण संसार सुरू करायच्या आधी जोडीने समाधीपुढे जाऊन मिठ्या मारायच्या ही कल्पना कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आली असेल? आमच्या वेळी लग्नाआधी फोटो म्हणजे स्टुडिओत एकटीचा, हातात प्लास्टिकचं फूल, मागे पडद्यावर काश्मीर. असो.

त्याचं म्हणणं असं की गाडी द्या, दहा मिनिटं, व्हिंटेज लुक हवाय. मी म्हटलं बंद आहे. तो म्हणाला, "तेच तर पाहिजे काका, चालू गाडीचा काय उपयोग, हलते!"

गाडी त्याच्या हातात द्यायला मी तयार नव्हतो. साइड स्टँड मीच कोपऱ्यावरून वेल्डिंग करून आणलेला, त्याचा मलाच भरवसा नाही. तेव्हा असं ठरलं की मी मागे उकिडवा बसून कॅरियर धरून ठेवायचं, आणि तो नंतर मला पुसून टाकणार. "एक क्लिक का काम है काका."

मुलगा गाडीवर बसला. बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणे. त्याला फोटोग्राफरने किक मारायची ऍक्टिंग करायला सांगितली. त्याने उजवा पाय उचलला, हवेत फिरवला आणि तसाच धरून ठेवला.

"काका, किक कुठेय?"

मी मागून म्हणालो, डावीकडे.

"डावीकडे गियर आहे."

"तीच किक."

फोटोग्राफर कॅमेरा खाली करून माझ्याजवळ आला, उकिडवा बसला, आणि अगदी हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतो तसा बोलला, "काका, किक चोरीला गेली का? लाजू नका. माझ्या स्प्लेंडरचा आरसा नेला होता."

आता ज्यांनी जावा किंवा तिचीच पुढची येझदी चालवलीय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही चालवली त्यांना सांगून पटत नाही, की या गाडीत किक आणि गियर एकाच दांडीवर आहेत. दांडी आत दाबायची, वर फिरवायची, की झाली किक. गाडी सुरू झाली की परत खाली, की झाला गियर. चेकोस्लोव्हाकियाच्या लोकांनी काढलेली युक्ती. जानेचेक नावाच्या माणसाने 1929 मध्ये वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोघांच्या नावातलं थोडं थोडं घेऊन जावा केलं. जा ची जा, वा ची वा. हे सगळं मी त्याला कॅरियर धरल्या धरल्या सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चालवता चालवता चुकून किक लागली तर?"

"नाही लागत."

"पण लागली तर?"

"अरे बाबा, आत दाबल्याशिवाय नाही लागत. आणि गियर टाकताना क्लच नाही दाबला तरी चालतं, दांडीच आतून क्लच सोडवते."

तो ताडकन उठला आणि पायऱ्यांकडे बघून ओरडला, "भाई, ऑटोमॅटिक है!"

मुलगा उतरून गाडीभोवती फिरला. म्हणाला, मित्राकडे हीच आहे, 2022 ची, पण त्याची एवढी ऑथेंटिक नाही वाटत. मग टाकीवरच्या गंजावरून बोट फिरवत फार अदबीने विचारलं, "अंकल, हे कुठून करून घेतलं? कितीला पडलं?"

गंज. कितीला पडला. चाळीस पावसाळे पडला बेटा.

राग त्या मुलावर नाही. त्याच्या मित्राची खरंच येझदीच असणार, या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडल्यावर जावा नाव 2018 ला परत आलं, येझदी 2022 ला. चार स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन, सेल्फ, एबीएस, आणि वरून सगळं असं गोल गोल की आजोबांची वाटावी. चांगल्याच आहेत त्या गाड्या, एकदा चालवलीय, पोटात पाणी हललं नाही. पण बाबांनी 1982 मध्ये आणली तेव्हा कुणी लुकसाठी आणली नव्हती. तेव्हा रस्त्यावर होतं काय? राजदूत, मूळ नमुना पोलंडचा, ती दूधवाल्यांची, दोन्ही बाजूंना कॅन लटकवल्याशिवाय ती पूर्ण दिसायचीच नाही. बुलेट पोलिसांची आणि ज्यांना आपण पोलीस आहोत असं वाटतं त्यांची, गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, त्यामुळे बुलेटवाला दुसऱ्याच्या गाडीवर बसला की थांबायच्या वेळी गियर टाकायचा. प्रत्येक गाडीची तऱ्हा वेगळी होती, अंधारात नुसता पाय ठेवून सांगता यायचं कोणाच्या गाडीवर बसलोय.

मग 1985 आलं. एकाच वर्षात आरएक्स 100 आणि हिरो होंडाची सीडी 100. आरएक्ससाठी मी घरात दोन दिवस जेवलो नव्हतो, अठ्ठ्याण्णव सीसीची गाडी पण कॉलेजच्या पोरांची माती करून टाकली तिने. शेजारच्या काकांनी घेतली सीडी. तिची जाहिरात होती, फिल इट, शट इट, फरगेट इट. पेट्रोल भरा आणि विसरा. बाबा ती जाहिरात पेपरात बघून म्हणाले, विसरायचंच असेल तर गाडी घ्यायची कशाला. आणि मला आरएक्स मिळाली नाही. आता तीच आरएक्स लोक लाखाच्या वर मागतात, हे मी बाबांना सांगू शकत नाही, ते नाहीत, पण त्यांच्या फोटोपुढे एकदा सांगितलंय.

विसरायची सोयच नव्हती बाबांच्या गाडीत. पेट्रोलच्या लिटरमागे चाळीस मिली ऑइल मोजून टाकायचं, टाकी हलवायची, पॉइंट घासायचा, प्लग घासायचा. पूर्वी पंपावर ऑइलचा वेगळा हातपंप असायचा, आता ऑइल म्हटलं की पोरगा मला वेड्यासारखं बघतो. मिस्त्री होते एक जुने, बीट ऐकून सांगायचे टायमिंग किती हललंय. ते गेले, दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. सिग्नलला रोज कोणीतरी काच खाली करून विचारतं, अंकल बेचोगे? सुरू कशी करता हे चाळीस वर्षांत एकाने नाही विचारलं. बघायला सगळ्यांना पाहिजे, किक मारायला मी.

तर ते प्रीवेडिंग. मुलीची आत्या पहिल्यापासून फोल्डिंग खुर्चीवर मांडीत पर्स आणि हातात पोह्यांचा द्रोण घेऊन बसली होती. वरून शेव, जिरावन मसाला, कांदा, सगळं दिसत होतं मला उकिडव्या जागेवरून, शिवाय वासही येत होता. अख्ख्या दीड तासात ती एक शब्द बोलली नव्हती. शेवटचा फोटो झाला, मी गुडघे धरून उठलो आणि परत किका सुरू केल्या. पाच, सहा, सात. आत्याबाईंनी द्रोण खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाल्या,

"कॉक उघडलाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टाकीखाली बघितलं.

म्हणजे कसंय ना, गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा ही बाबांची शिस्त, ती मी चाळीस वर्षं पाळतो. सकाळी उघडायचा ही पण त्यांचीच शिस्त. रविवारी अर्धीच पाळली. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल उरतं तेवढ्यावर गाडी झक्क सुरू होते, आणि रामबाग ते कृष्णपुरा बरोब्बर तेवढ्याच पेट्रोलचं अंतर आहे.

"आमच्या ह्यांची राजदूत होती," आत्याबाई म्हणाल्या आणि द्रोण परत उचलला. "हे पण असेच करायचे."

कॉक उघडला, मनात दहा मोजले, किक मारली. पहिल्या किकेला सुरू. आणि धूर. ऑइल टाकताना माझा हात जरा सैल आहे हे कबूल, त्यात थंड इंजिन आणि दोन सायलेन्सर, त्यामुळे गाडी, गाऊन, नवरदेव, तुकोजीराव, सगळं निळ्या पडद्याआड गेलं. मजा म्हणजे फोटोग्राफरचा असिस्टंट मघापासून धुराच्या नळकांड्याच पेटवत होता, गुलाबी रंगाच्या, दोनशे रुपयांना एक. तो धूर चालतो. माझा दिसला तसा सगळे ओरडायला लागले, काका बंद करा, बंद करा, गाऊन भाड्याचा आहे! एक आजोबा फिरायला निघाले होते, ते थांबून मला म्हणाले, 2017 पासून शहर देशात स्वच्छ म्हणून पहिलं येतंय आणि तुम्ही हे करून राहिलात. गुलाबीवाल्याला काही नाही बोलले.

मी बंद केली नाही. त्या धुरातूनच निघालो. पोहे संपले होते, जिलेबी गार मिळाली, ती घेऊन गेलो, बायको काय बोलली ते लिहीत नाही.

फोटो मात्र पाठवले त्याने, शब्दाचा पक्का निघाला. एक मोठा आहे, पायऱ्या, गुलाबी धूर, ती दोघं, आणि मधोमध आमची येझदी अशी तिरकी उभी की बाबांनी शंभरदा बघितला असता. कॅरियर धरलेला मी खरंच गायब आहे, बोटसुद्धा दिसत नाही.

पण हँडलचा गोल आरसा मागे वळलेला होता, तो पुसायचा राहिला त्याच्याकडून. झूम करून बघितलं तर त्यात मी आहे. चष्मा घसरलेला, तोंड उघडं, आणि नजर सरळ आत्याबाईंच्या पोह्यांवर.