दोन बरण्या

आईची मागणी साधी होती. 1996 सालच्या आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बाबा पंगतीत फिरून जिलबीचा आग्रह करतात, ते तिला एकदा टीव्हीवर बघायचं होतं. "लावतो," म्हणालो आणि आठ महिने नॅस निवडत बसलो.

नॅस म्हणजे राउटरला जोडायची, डिस्क भरलेली पेटी. फोटो, गाणी, सिनेमे तिच्यात टाकायचे आणि घरात कुठेही बसून बघायचे. एवढं कळायला एक संध्याकाळ पुरली.

मग मी इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. "भिया, टू-बे लोगे या फोर-बे?" दुकानदाराने विचारलं. बेच्या पाढ्यावर वाढलेल्या माणसाला टू-बे म्हणजे चारच वाटणार. पण बे म्हणजे डिस्क बसवायचा खण. "दो डिस्क डालो, रेड वन लगाओ, टेंशन खतम।"

घरी हे सांगितलं तर आई दचकली. "रेड? आपल्यावर? आपण काय केलंय रे?"

हिला मात्र पटकन कळलं. "म्हणजे दोन बरण्या आणि दोन्हींत तेच लोणचं?"

"बरोबर. एक फुटली तर दुसरी शाबूत."

"पैसे दोन बरण्यांचे आणि लोणचं एकीचं. बरं, झुरळ पडलं तर?"

मी गप्प. कारण रेड वनमध्ये एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली, तर दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. म्हणूनच जाणकार कानीकपाळी ओरडतात की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपची बरणी वेगळी, आणि तीही शक्यतो दुसऱ्याच्या घरी.

"दुसऱ्याच्या घरी गेलेली बरणी परत आल्याचं आठवतंय का तुम्हाला?"

इंग्रजीत रेड म्हणजे RAID. त्यातला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्तचा. 1988 साली बर्कलेच्या तिघा संशोधकांनी निबंधाच्या नावातच तसं लिहिलं होतं. पुढे लोक त्याला 'इंडिपेंडंट'चा आय म्हणू लागले. कोटेशन हातात आल्यावर मला त्याचं कारण वेगळं शोधावं लागलं नाही.

शिवाय चार टेराबाइटची डिस्क लावली की बऱ्याच संगणकांवर 3.63 दिसतात. कंपनी हजाराने मोजते, संगणक 1024 ने. मिठाईवाला खोक्यासकट तोलतो, त्यातलाच प्रकार.

खरा घोळ ट्रान्सकोडिंगचा. टीव्हीला फाइलची भाषा कळत नसेल तर पेटीने ती चालता चालता बदलून द्यायची. आमचे काका मराठी कीर्तनात शेजारच्या शर्माजींना वाक्यावाक्याला हिंदी करून सांगत, तसं. बुवा संथ असतील तोवर ठीक, द्रुत लयीत आले की काकांना धाप लागे. फोर-के, म्हणजे अतिबारीक चित्राची जड फाइल समोर आली की कमकुवत प्रोसेसरचं तेच होतं. म्हणून प्रोसेसर तगडा हवा, नाहीतर टीव्हीला कळेल अशीच फाइल ठेवायची. त्यात फोर-के ब्लू-रे डिस्कचा वेग सेकंदाला 100 मेगाबिटच्याही वर चढतो आणि आमच्या टीव्हीचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर खुपसायचं भोक, 100 चं! ही चिंता मी तीन आठवडे केली. आमच्याकडे फोर-के ब्लू-रे एकही नाही, हे हिने सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता लक्षात आणून दिलं.

शेवटी पेटी आली. टू-बे, इंटेल प्रोसेसरची, दोन डिस्कवाली. राउटर देवघराशेजारी असल्याने तीही तिथेच बसली. रात्री डिस्क खुरखुर करतात, हिरवे दिवे लुकलुकतात. दसऱ्याला आईने तिला हळदकुंकू वाहिलं आणि पदर सावरून टीव्हीसमोर बसली.

"लाव बघू आता."

मी रिमोट घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझी नजर माळ्याकडे गेली. स्टूल लावून चढलो. गौरींच्या मुखवट्यांच्या खोक्यामागे कॅसेट सापडली. तिच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. व्हीसीआर 2009 साली भंगारात गेलेला.

खाली स्टूल धरून उभी असलेली ही वर बघत म्हणाली, "बरण्या दोन आणल्यात. कैऱ्या?"