गुडघा: आधी एमआरआय, मग स्काल्पेल

महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांमध्ये एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. मृतदेह पुरत नाहीत, मग एमआरआय आणि व्हर्च्युअल डिसेक्शन टेबलवरच (म्हणजे पडद्यावरच्या देहाचं विच्छेदन करून) शरीररचना का शिकवू नये? आणि मग हमखास इंग्लंडचा दाखला येतो. २००२ साली सुरू झालेल्या पेनिन्सुला मेडिकल स्कूलने डिसेक्शनशिवाय अभ्यासक्रम आखला, हे खरंच आहे. पण तिथल्या बहुतेक मेडिकल स्कूलमध्ये आजही दान केलेल्या देहांवरच शिकवतात, निदान आधी विच्छेदन करून ठेवलेल्या भागांवर तरी. दाखला देताना हे सांगायचं राहून जातं.

गुडघ्याचंच घ्या. बेल्जियममधल्या लूवेनच्या सर्जननी २०१३ मध्ये ४१ गुडघ्यांच्या विच्छेदनाचा अभ्यास छापला. त्यातल्या ४० गुडघ्यांत अँटेरोलॅटरल लिगामेंट (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे असलेला, हाडांना जोडणारा तंतूंचा पट्टा) सापडलं होतं. फ्रेंच सर्जन पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्येच तिथल्या मोतिया रंगाच्या पट्ट्याची नोंद केली होती. एमआरआयवर तो सहज का दिसत नाही? पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड आणि तिरका, नेहमीच्या स्कॅनची स्लाइस (चित्रातला एकेक काप) तीन-चार मिलिमीटरची. शिवाय कॉइलमध्ये (स्कॅनसाठी गुडघ्याभोवती बसवायच्या साच्यात) गुडघा जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे पट्टा सैल पडतो.

पण स्काल्पेलही (शस्त्रक्रियेची सुरी) फसवतो. इलिओटिबियल बँड (मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा) वरून खाली गर्डीज ट्यूबरकलपर्यंत (टिबियावरचा, तो बँड जिथे चिकटतो तो उंचवटा) उलटवताना हात जरा खोल गेला, की लिगामेंट बँडबरोबरच निघून येतं. उलट सांध्याभोवतीच्या आवरणाचे (कॅप्सूलचे) तंतू सोडवत बसलात तर नसलेलं लिगामेंटही घडवता येतं. म्हणून बँड उलटवला की आधी गुडघा वाकवायचा, टिबिया (नडगीचं हाड) आतल्या बाजूला फिरवायची आणि जे तंतू ताणले जातात त्यांचाच माग काढायचा. फॉर्मलिनमध्ये ताठरलेला गुडघा इथे दाद देत नाही. ताजा गोठवलेला किंवा थील पद्धतीने (सांधे लवचीक ठेवणाऱ्या द्रावणात) जतन केलेला लागतो. शिवाय एसीएल (गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट) तुटताना हाडाच्या आत बसलेला मुका मार एमआरआयवर लख्ख दिसतो. डिसेक्शन हॉलमध्ये तो कधीच दिसणार नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की व्हर्च्युअल टेबल घेण्याआधी कॉलेजांनी स्वतःचंच एमआरआय मशीन वापरावं. रुग्णांची वेळ संपल्यावर देहाचा एक गुडघा स्कॅन करायचा. गर्डीज ट्यूबरकल आणि फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यावर माशाच्या तेलाची एकेक कॅप्सूल चिकटवायची, ती स्कॅनमध्ये पांढरी उमटते. नेहमीच्या स्लाइससोबत एक मिलिमीटरहून पातळ कापांचं थ्री-डी सीक्वेन्सही घ्यायचं. मग तोच गुडघा, स्क्रीन शेजारी ठेवून, थराथराने उघडायचा. पट्टा टिबियावर त्या दोन खुणांच्या साधारण मधोमध चिकटलेला असतो. विद्यार्थ्याने तो आधी स्क्रीनवर शोधावा, मग बोटाने.

मात्र गार किंवा जतन केलेल्या देहाचे सिग्नल जिवंत माणसासारखे नसतात आणि फॅट सप्रेशनही (स्कॅनमध्ये चरबीचा सिग्नल दाबणं) बिघडू शकतं. त्यामुळे हे स्कॅन रचना शिकण्यापुरतेच वापरावेत. मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेच्या चकतीची) चीर ओळखायला रुग्णांचेच स्कॅन हवेत.