नाका पेटवला, करार कुणी वाचला?

कोल्हापुरात टोलचा विषय निघाला की बोलणारा बसल्या जागी दोन इंच उंच होतो. परवा तालमीच्या कट्ट्यावर बापू असेच उंच झाले होते. विषय होता गल्लीत नव्या पाण्याच्या लाइनीसाठी खणलेल्या चरीचा. संत्या म्हणाला, "असल्या खुदाईला गल्लीनं विरोध करायला पायजे," आणि बापूंना तेवढं पुरलं.

"विरोध काय असतोय ते कोल्हापूरनं दाखवलंय सगळ्या महाराष्ट्राला. नऊ नाके होते, नऊ! शिरोली, सरनोबतवाडी, शाहू नाका, कळंबा, फुलेवाडी... आज एक तरी हाय काय?"

"नाके गेले बापू," मास्तर म्हणाले, "पैसे कुठं गेले?"

मास्तर कॉमर्स शिकवायचे. निवृत्त झाले तरी माणूस ताळेबंदातच बोलतो. बापू पहिल्या महामोर्चापासून आंदोलनात. शेकापचे नेते एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेल्या वयात रस्त्यावर बसायचे, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा कोपरासभेत करारातली कलमं सोप्या भाषेत सांगायचे, हे बापूंनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं त्यांच्यापुढं टोलवर शंका काढायची म्हणजे धाडसच.

तरुण पोरांना हे आता ऐकून माहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते २२० कोटींत करायचे, ठेकेदार कंपनीनं स्वतःचे पैसे घालायचे आणि बदल्यात ३० वर्षं टोल गोळा करायचा. वर टेंबलाईवाडीची मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असा तिघांचा करार. वसुलीला ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरुवात झाली. जानेवारी २०१४ मध्ये उपोषण झालं, मंत्र्यांनी येऊन शब्द दिला, दुसऱ्या दिवशी नाके चालूच दिसले आणि १२ जानेवारीला लोकांनी ते पेटवले. पुढं हायकोर्टाची स्थगिती, सुप्रीम कोर्टात ती उठली, परत वसुली, परत मोर्चे. २०१५ च्या डिसेंबरात सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं, तेव्हा साखर वाटली गेली. पानसरे अण्णा तो दिवस बघायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला.

"आता ऐका," मास्तर म्हणाले. "कंपनीला सरकारनं भरपाई दिली. चारशे कोटींच्या वर. काम किती कोटींचं होतं? दोनशे वीस. नाक्यावर द्यायचे ते आपण तिजोरीतून दिले. तेही एकटे नाही, गडचिरोलीच्या माणसालाही वाटेकरी करून घेतलं."

"म्हंजे टोल द्यायला पायजे होता?" बापू कट्ट्यावरून उठलेच. "स्वतःच्या गावात शिरायला पैसे? सकाळी भाजी घेऊन येणारा करवीरचा शेतकरी, दवाखान्याला येणारा, पोरं कॉलेजला सोडणारा... ३० वर्षं! त्यात रस्ता तरी पुरा होता काय? गटर न्हाई, फुटपाथ न्हाई, झाडं तोडलेली."

इथं संत्या मधे पडला. संत्या प्लंबर. जमिनीखालचं कोल्हापूर त्याला वरच्यापेक्षा जास्त पाठ आहे. "रस्ता वाईट न्हवता बापू, खरं सांगतो. काँक्रीट बरं होतं. पण खाली जुनी पाण्याची लाइन तशीच ठिवली आन् वर काँक्रीट ओतलं. आता जॉइंट गळाला की कटर लावून रस्ता फोडायचा. एका कनेक्शनला आधी शंभर रुपयात खड्डा मारून घ्यायचो, आता कटरचं भाडंच त्याच्या कैक पट. लाइन आधी कडंला घेतली असती, क्रॉसिंगला डक्ट, म्हंजे पाईप सरकवायला पोकळ वाट, सोडली असती, तर कशाला हे?"

"मग ती लाइन हलवायचं काम कुणाचं होतं?"

"त्यावरच तर भांडण. कंपनी म्हणायची महापालिकेचं, महापालिका म्हणायची कंपनीचं."

"करारात लिहिलेलं असणारच," मास्तर म्हणाले. "करार झाला तेव्हा आपण कुठं होतो? महापालिकेच्या महासभेत हात वर झाले तेव्हा गॅलरीत कोण होतं? नाका उभा राहिला, गाडी अडवणारा आडवा बूम खाली आला, तेव्हा आपल्याला कळलं. कागदावर होतं तोवर सगळे गप्प. टेंबलाईवाडीच्या जागेचा भाव आपण नाके पेटल्यावर मोजायला लागलो."

मला हे पटतं. आंदोलन खोटं होतं असं नव्हे. लोक उतरले नसते तर तीस वर्षं टोल भरला असता, यात शंका नाही. पण आपला राग नेहमी बूम खाली आल्यावर येतो, आणि तोवर सही करणारे बदलून गेलेले असतात.

बापूंनी चहा मागवला. म्हणजे हरले नव्हते, दम घेत होते. "बरं, टोलचं राहू दे. थेट पाईपलाईनचं बोला की. ती तरी आपल्या मागणीची. तीस-चाळीस वर्षं बोंबललो तेव्हा काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट शहरात आलं. त्यात काय खोट काढतोस?"

"किती कोटी?" मास्तर.

"चारशे अठ्ठ्याऐंशी."

"टोलच्या रस्त्यांच्या दुप्पट, बापू. २०१४ ला काम सुरू झालं, मुदत दोन-अडीच वर्षांची. पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. त्या नऊ वर्षांत मोर्चे किती निघाले? ठिकपुर्लीच्या बारक्या पुलाच्या बिलावरून सभागृह पेटलं, पेपरात आलं, तालमीत दोन दिवस चघळलं. टोलला जेवढं शहर उतरलं त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी कुणी हिशेब मागायला गेलं का?"

"आपल्याच योजनेला आपणच आडवं जायचं?"

"हिशेब मागणं म्हणजे आडवं जाणं व्हय?"

आता इथवर एक माणूस गप्प बसून होता. संत्याचा मेव्हणा, राधानगरी तालुक्यातला, सोळांकूरच्या बाजूचा. सगळे त्याला पावणंच म्हणतात. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "आडवं आम्ही गेलतो की. तवा तुमच्याच शहरात आम्हाला काय काय म्हटलं ते आठवतंय का बघा."

कट्टा जरा गप्प झाला. सोळांकूरकरांनी आपल्या गावातून ही पाईप न्यायला विरोध केला होता आणि त्यावर कित्येक बैठका झाल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते आठवायची सोय नव्हती.

"पाईप कसली, माणूस आत वाकून चालंल एवढी," पावणं म्हणाले. "गावातला रस्ता केवढा? एक बैलगाडी आली की दुसऱ्यानं थांबायचं. दोन्ही बाजूला घरं, जुन्या मातीच्या भिंती. म्हटलं, बाहेरनं न्या, पाण्याला न्हाई म्हणत न्हाई. तर पेपरात काय? 'कोल्हापूरकरांचं पाणी अडवलं.' तुमी नाक्याला विरोध केला तर आंदोलक. आमी घराच्या भिंतीसाठी बोललो तर अडवणूक करणारे."

"तसं न्हाई पावणं..." बापू.

"तसंच हाय बापू. आन् गंमत बघा. तुमचा एक टोलनाका पुईखडीला होता न्हाई का? तो तुमी घालवला. आता थेट पाईपलाईनचं पाणी साफ करायचं केंद्र बी पुईखडीलाच. जागा तीच. एका कामाला सगळं शहर विरोधात, दुसऱ्याला सगळं शहर बाजूनं. आमाला दोन्हींत विचारलं न्हाई."

बापूंनी महापुराचं कार्ड काढलं, आणि ते खोटं नव्हतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला बालिंगा, शिंगणापूरचे उपसा पंप पाण्याखाली गेले. शहरात चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. टँकरच्या मागं कळशी घेऊन पळणारं कोल्हापूर आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय पंचगंगेचं पाणी. "ते पाणी तुमी पिऊन दाखवा," बापू म्हणाले. "धरणातनं पाणी आणल्याशिवाय इलाज न्हवता. कागद वाचत बसलो असतो तर अजून वीस वर्षं गेली असती."

"पंचगंगा कुणी घाण केली?" संत्यानं विचारलं. ड्रेनेजची कामंही तोच करतो, त्याला विचारायचा हक्क आहे. "सांडपाण्याचा जयंती नाला कुठनं वाहतोय? आपल्याच गावातनं. आपण वर धरणाकडं सरकलो, खालच्यानं काय करायचं?"

खालचा म्हणजे पंचगंगेच्या खालच्या अंगाची इचलकरंजी. तिथं २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं गेली. पंचगंगा नको म्हणून त्यांनी वारणेकडं बोट दाखवलं, तर वारणाकाठची दानोळी विरोधात उभी राहिली. मग दुधगंगेवर सुळकूडची योजना मंजूर झाली, तर कागल तालुक्यासकट अख्खा नदीकाठ उभा राहिला. प्रत्येक गावाचं म्हणणं ऐकायला गेलं तर खरंच वाटतं, हीच पंचाईत आहे. दुधगंगेवरचं धरण म्हणजे हेच काळम्मावाडी, पंचवीस टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं चार टीएमसी कर्नाटकाचं, त्यात गळती, आणि उसाला पाणी किती लागतं ते इथं कुणाला सांगायला नको.

"सुळकूडला आमी बी विरोधात हाय," पावणं म्हणाले. "खोटं कशाला बोला?"

"म्हणजे तुम्हीही तेच," मास्तर हसले. "तुमच्या गावातून पाईप नको, पण इचलकरंजीला पाणी पण नको."

"मास्तर, पाणी नको म्हणत न्हाई. उन्हाळ्यात नदीत किती राहणार ते लिहून द्या म्हणतोय. कालव्याचं आवर्तन चुकलं तर ऊस वाळतोय, त्याची भरपाई कोण देणार ते लिहून द्या. तुमी मघा म्हटलासा ना, करार आधी वाचा. आमी आधी मागतोय तर बी वाईट."

मास्तरांकडं यावर पटकन उत्तर नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. बापूंना मात्र बरं वाटलेलं दिसलं. मास्तरांना कुणीतरी गाठलं होतं.

"आपलं मत सांगू?" बापू म्हणाले. "इचलकरंजीकरांनी पंचगंगा साफ करून घ्यावी आन् तीच प्यावी."

"साफ करायची कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

"आणि तोवर?" मास्तर म्हणाले. "समजा इचलकरंजीची चार माणसं आत्ता इथं आली, कट्ट्यावर बसली, त्यांना हेच सांगणार?"

"चहा पाजीन की. कोल्हापूरला आलेल्या माणसाला कोण उपाशी लावतंय?"

"कुठल्या पाण्याचा?" पावणं म्हणाले.

बापूंनी त्यावर जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.